चहा, कॉफी आणि लांबलेली पाळी

प्रोग्रामर आणि कॉफी ही जोडी इतकी रूढ आहे, की १९९५ साली आलेल्या एका संगणकभाषेला कॉफीवरून ‘जावा’ हे नाव मिळालं. पण हे नातं बुद्धीच्या कामाशी आहे, हे मला पटत नाही. ते लांबलेल्या तासांशी आहे. सुरतेच्या कापडपट्ट्यात, कडोदऱ्याच्या परिसरात, यंत्रमागाची बारा तासांची पाळी चहावर निघते. कॅफिन दोन्हीकडे तेच: थकव्याची जाणीव देणाऱ्या ॲडेनोसिनची मेंदूतली वाट ते अडवतं. चहात ते कमी, म्हणून कप जास्त. कोणी विचारेल, मागावर कसली एकाग्रता? तुटलेला धागा वेळीच दिसला नाही तर कापडात दोष राहतो. रात्री तीनला ती नजर टिकवणं कोड तपासण्याइतकंच अवघड. कॅफिनने तरतरी येते हे खरं, पण झोपेची भरपाई होत नाही. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पाळीच्या शेवटी घेतलेला कप दिवसाची झोपही खातो. प्रोग्रामरला निदान उशिरा येण्याची मुभा मिळू शकते. मागावरच्या कारागिराला ती क्वचितच मिळते.