गुदेआचे खिळे

मातीचा खिळा. वीतभराहून लहान, एका टोकाला निमुळता, अंगावर कीलाकार लिपीतल्या दाट ओळी. सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी दक्षिण इराकमधल्या गिर्सू नगरीत, म्हणजे आजच्या तेल्लोत, गुदेआ राजाने निनगिर्सू देवाचं एनिन्नू मंदिर नव्याने उभारलं आणि भिंतींत असे खिळे बसवले. मजकूर तोच तो: कोणत्या देवासाठी, कोणी, कोणतं मंदिर बांधलं. गंमत अशी, की हे खिळे भिंतीत गडप व्हायचे. वाचणार कोण? देव, नाहीतर पुढे कधी भिंत उकरणारा एखादा राजा!

मे २००३ मध्ये, सद्दाम हुसेनची राजवट कोसळल्यावर काही आठवड्यांतच, लंडनच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याकडून आठ प्राचीन वस्तू जप्त केल्या. त्यांत असे तीन खिळे होते. मालकीचे कागद त्याला दाखवता आले नाहीत. २०१८ मध्ये वस्तू तपासणीसाठी ब्रिटिश म्युझियमकडे आल्या. योगायोग बघा, याच म्युझियमचं पथक इराकी पुरातत्त्वज्ञांना शिकवत तेल्लोलाच उत्खनन करत होतं. एनिन्नूच्या भिंतीत हुबेहूब त्याच मजकुराचे खिळे अजून जागच्या जागी होते. जवळच चोरांनी खणलेले खड्डे, कडेला फुटक्या खिळ्यांचे तुकडे. मुद्देमाल आणि चोरीची जागा यांची इतकी नेमकी गाठ क्वचितच पडते.

एरवी खड्ड्यातून निघालेली वस्तू कुठल्याच संग्रहालयाच्या नोंदवहीत नसते. फिर्याद देणार कोण? दलाल ‘आजोबांच्या संग्रहातली’ म्हणून मोकळा होतो. म्हणूनच सुरक्षा परिषदेच्या २२ मे २००३ च्या ठराव १४८३ ने, ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा हलवलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापारावर बंदी आणायला सांगितलं. ब्रिटनने त्याच वर्षी आदेश काढून पुराव्याचं ओझंच उलटवलं: वस्तू लुटीची असल्याचं ठाऊक नव्हतं, संशयालाही जागा नव्हती, हे बाळगणाऱ्याने सिद्ध करायचं. माझ्या मते सगळ्यात धारदार हत्यार हेच. इराकमधल्या प्रत्येक पांढरीच्या टेकाडावर पहारा बसवणं कुणाला जमणार?

ऑगस्ट २०१८ मध्ये खिळे इराकच्या राजदूतांच्या हवाली झाले. ब्रिटिश म्युझियमने कुणाची वस्तू परत करावी, यावर कुणी मिश्कील हसेल, हसू द्या. तुम्हाला मात्र ऑनलाइन लिलावात ‘मेसोपोटेमिया, खासगी संग्रह’ अशी चिमुकली वस्तू दिसली, तर किमतीआधी एवढं विचारा: ही इराकबाहेर कधी पडली, आणि त्याचा कागद कुठे आहे?