भाड्याच्या खोल्यांत एक छत्री, अनेक टीव्ही : हिशेब, कायदा आणि खबरदारी

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत आमच्या अनेक व्यापारी बांधवांनी दुकानाच्या नफ्यातून चार-सहा खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. जळगावात चटई, पाइप आणि डाळीच्या कारखान्यांत काम करणारे कामगार, धुळ्यात यंत्रमागावरील कारीगर हे या खोल्यांचे मुख्य भाडेकरू. पूर्वी खोली पाहायला आलेला माणूस पाणी आणि लाइट विचारी. आता तिसरा प्रश्न ठरलेला असतो : "सेठ, छत्री लावता येईल का?"

या प्रश्नाला मालक साधारणपणे दोन उत्तरे देतात. पहिले, "ज्याची त्याने लावा". मग दोन वर्षांत धाब्यावर किंवा पत्र्यावर आठ छत्र्या उभ्या राहतात, प्रत्येकासाठी चार-चार छिद्रे पडतात आणि पहिल्या पावसात खोल्या गळू लागतात. भाडेकरू जातो, लोखंड तेथेच गंजत राहते. दुसरे उत्तर, "छत्री लावायची नाही". मग खोली रिकामी राहते. मोबाइलवर सर्व काही दिसते हे खरे, पण ज्याच्यासोबत बायको-मुले आणि म्हातारी आई आहे त्याला घरात टीव्ही हवाच असतो. तिसरा मार्ग आहे एका छत्रीवरून सर्व खोल्यांना जोडणी देण्याचा. तो स्वस्त आहे, पण नीट समजून न घेता केला तर कसा अंगाशी येतो ते आम्ही स्वतः भोगले आहे. म्हणून आधी आमची चूक सांगतो.

आमची चूक

2010 साली जळगावात आमच्या गोदामामागील 9 खोल्यांसाठी एका मेकॅनिकने युक्ती सांगितली. खाजगी कंपनीचे एकच डीटीएच कनेक्शन घ्यायचे, बॉक्स पहिल्या खोलीत ठेवायचा, त्याला मॉड्युलेटर जोडायचा आणि वायर सर्व खोल्यांत फिरवायची. आम्ही प्रत्येकाकडून महिना 40 रुपये घेऊ लागलो. कनेक्शनचे पैसे निघून वर थोडे उरत. आम्हाला वाटले, सौदा चांगला झाला.

पहिली अडचण लगेच कळली. बॉक्स एक म्हणजे चॅनल एक. पहिल्या खोलीत जे लावतील तेच नऊ घरांनी पाहायचे. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पहिल्या खोलीतला भाडेकरू सकाळीच कुलूप लावून गावी गेला आणि बॉक्स मालिकांच्या चॅनलवर चालू राहिला. आठ घरांतले लोक त्या कुलपासमोर उभे! शेवटी सारे जण नाक्यावरच्या चहाच्या दुकानात सामना पाहायला गेले. दुसऱ्या दिवशी आम्हाला काय काय ऐकावे लागले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

दुसरी अडचण मोठी होती. पुढच्याच महिन्यात कंपनीचा माणूस पाहणी करून गेला, कनेक्शन बंद झाले आणि नोटीस आली. घरगुती कनेक्शन पुढे वाटून पैसे घेणे हा कराराचा भंग आहे, असे त्यात लिहिले होते. आम्ही वकिलांकडे धावलो, लेखी माफी दिली, भाडेकरूंचे आगाऊ घेतलेले पैसे परत केले. प्रकरण तेथेच मिटले. पण एक गोष्ट मनाला लागली. दुसऱ्याच्या थानातले कापड आपल्या गजाने मोजून विकणाऱ्याला आपण बाजारात उभे करत नाही. आम्ही वेगळे काय केले होते?

कायदा काय म्हणतो

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. कायद्याची भाषा आम्ही वकिलांकडून समजून घेतली, ती सोप्या शब्दांत देतो.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा 1995 सालचा आहे. एका ठिकाणी सिग्नल घेऊन तो वायरने अनेक ग्राहकांना पुरवणारी यंत्रणा म्हणजे केबल नेटवर्क, अशी त्यातील व्याख्या आहे आणि ती बरीच रुंद आहे. असा धंदा करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. पूर्वी ही नोंदणी हेड पोस्ट ऑफिसात होत असे. जानेवारी 2025 पासून ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते. याच कायद्यात ग्राहक म्हणजे जो सिग्नल स्वतः घेतो आणि पुढे दुसऱ्याला देत नाही तो, असे म्हटले आहे. म्हणजे पुढे वाटणारा ग्राहक राहत नाही. 2023 च्या जनविश्वास कायद्याने केबल कायद्यातील कैदेच्या शिक्षेऐवजी ताकीद आणि दंडाची तरतूद आली, पण सामान जप्त होण्याचा धोका टळलेला नाही.

याशिवाय कॉपीराइट कायदा 1957 आहे. त्याच्या कलम 37 प्रमाणे प्रसारणावर प्रसारण करणाऱ्या संस्थेचा हक्क असतो आणि कलम 63 प्रमाणे तो हक्क जाणूनबुजून मोडणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

काही बांधव विचारतात, एकाच नावावर अनेक टीव्ही घेतल्यास सवलत मिळते, ती खोल्यांना लावता येईल का? नाही. ती सवलत एकाच घरातील एकाहून अधिक टीव्हींसाठी आहे. वेगवेगळे भाडेकरू म्हणजे वेगवेगळी घरे.

मग बरोबर मार्ग कोणता?

मार्ग असा की छत्री आणि वायर मालकाची, बॉक्स मात्र ज्याचा त्याचा. सिग्नलचे पैसे मालकाने कोणाकडूनही घ्यायचे नाहीत आणि आपली वायर रस्ता ओलांडून शेजाऱ्याच्या इमारतीत न्यायची नाही.

यासाठी सर्वांत सोयीची आहे प्रसारभारतीची डीडी फ्री डिश. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही, रिचार्ज नाही. शंभराहून अधिक वाहिन्या दिसतात. त्यात दूरदर्शनच्या सह्याद्रीसह सर्व वाहिन्या आहेत आणि 15 ऑगस्ट 2006 रोजी सुरू झालेली डीडी उर्दूही आहे. खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे वाहिन्या बदलत राहतात. चॅनल गायब झाले की मेकॅनिकला बोलावण्याआधी बॉक्स पुन्हा स्कॅन करून पाहावा. बॉक्स घेताना एमपीईजी-4 चा घ्यावा. जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर सर्व वाहिन्या येत नाहीत.

ज्याला खाजगी कंपनीच्याच वाहिन्या हव्या असतील त्याने स्वतःच्या नावावर कनेक्शन घ्यावे. मोठ्या इमारतींसाठी या कंपन्याही एक छत्री आणि घरोघरी वेगळे बॉक्स अशी सोय करतात, पण ते काम कंपनीच्याच माणसाकडून करून घ्यावे.

साहित्य आणि जोडणी

छत्रीच्या तोंडाशी जो भाग असतो त्याला एलएनबी म्हणतात. येथेच बहुतेक मेकॅनिक मालकाला चुकीचा सल्ला देतात. साध्या एलएनबीला एकच तोंड असते. त्याची वायर स्प्लिटरने फोडून आठ खोल्यांत नेली की काम झाले, असे ते सांगतात. पण बॉक्स हा नुसता सिग्नल घेत नाही, वायरमधून वर हुकूमही पाठवतो. 13 व्होल्ट पाठवले की एलएनबी उभ्या लहरी घेतो, 18 व्होल्ट पाठवले की आडव्या. एका वायरवर दोन बॉक्सनी दोन वेगळे हुकूम दिले की एकाचा पडदा काळा होतो. म्हणून दोन, चार किंवा आठ तोंडांचा एलएनबी घ्यावा. त्यात प्रत्येक तोंड स्वतंत्र असते आणि प्रत्येक खोलीला तिची स्वतंत्र वायर जाते. आठ तोंडांचा न मिळाल्यास चार तोंडांच्या दोन छत्र्या लावाव्यात. खोल्या आठाहून अधिक असतील तर मल्टिस्विच लागतो. त्यासाठी जाणकार माणूसच हवा.

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. खान्देशातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे 58 अंश उंचीवर येतो. त्या बाजूला पाण्याची टाकी, उंच भिंत किंवा लिंबाचे झाड आड येता कामा नये. झाड आज लहान असले तरी चार वर्षांनंतरचे पाहावे. सर्वसाधारण छत्री 60 सेंटिमीटरची असते. अनेक खोल्यांसाठी थोडी मोठी घेतली तर जोराच्या पावसात चित्र लवकर तुटत नाही.

वायर आरजी-6 जातीची, बाहेरून काळ्या आवरणाची घ्यावी. आपल्याकडच्या उन्हात हलक्या पांढऱ्या वायरीचे आवरण दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते, त्यातून पाणी शिरते आणि मग रोज तक्रार. छत्रीपासून खोलीपर्यंतचे अंतर 30 मीटरच्या आत ठेवावे. मध्ये जोड देऊ नये. भिंतीत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथून ठिबकून जाते, आत येत नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना खोलीचा नंबर लिहावा. हे दोन रुपयांचे काम पुढे दोन तासांची मेहनत वाचवते.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

धुळ्यात आमच्या साडूंच्या 6 खोल्या आहेत. तेथे छत्री लावली, चित्र उत्तम आले, सर्व खूश. अर्थिंग मात्र "नंतर करू" म्हणून राहिले. पावसाळ्यात एक दिवस एका कारीगराची बायको धाब्यावर कपडे वाळत घालत होती. कपड्यांची तार छत्रीच्या खांबालाच बांधलेली. ओला हात तारेला लागला आणि ती झटक्याने मागे फेकली गेली. अल्लाहची मेहरबानी की ती आतल्या बाजूला पडली. दोन हात पलीकडे धाब्याची कड होती आणि तेथे कठडा नव्हता.

तपास केल्यावर कळले की एका खोलीत जुना, दुरुस्त केलेला टीव्ही होता. त्यातला गळता करंट वायरीच्या बाहेरच्या जाळीतून छत्रीपर्यंत चढला होता. वायरी सामाईक असल्या की एका खोलीतला दोष सर्वांच्या डोक्यावर जातो, ही गोष्ट प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावी.

म्हणून छत्रीचा खांब आणि सर्व वायरींच्या जाळ्या एका पट्टीवर जोडून तांब्याच्या तारेने जमिनीतल्या अर्थिंगला जोडाव्यात. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती होताच तो लाइट तोडतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करावे, छत्रीवाल्याकडून नाही. कपड्यांची तार छत्रीच्या खांबाला कधीही बांधू देऊ नये. मे-जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवायला सर्वांना सांगावे. चांगले अर्थिंगसुद्धा विजेपासून पूर्ण हमी देत नाही.

आठ खोल्यांचा हिशेब

जळगावात आम्ही 8 खोल्यांचे काम नव्याने केले त्याचा खर्च असा आला : स्टँडसह छत्री 900 रुपये, आठ तोंडांचा एलएनबी 1,400, आरजी-6 वायर 160 मीटर 2,240, कनेक्टर, क्लिपा आणि पाइप 600, अर्थिंग 1,200, मजुरी 1,500. एकूण 7,840 रुपये, म्हणजे खोलीमागे 980. दर गावागावात आणि दुकानादुकानात बदलतील, पण अंदाज यावरून येईल. बॉक्स सुमारे हजार रुपयांचा, तो भाडेकरूने आपला घेतला आणि जाताना आपल्यासोबत नेला.

आम्ही या सोयीचे वेगळे पैसे घेत नाही आणि त्यासाठी भाडेही वाढवले नाही. आमचे गणित साधे आहे. 2,800 रुपये भाड्याची एक खोली तीन महिने रिकामी राहिली तर 8,400 रुपये बुडतात. त्यापेक्षा हा खर्च कमी आहे आणि तो एकदाच करायचा आहे. भाडेकरूचा फायदा याहून मोठा. महिना 250 रुपयांचा रिचार्ज धरला तर त्याचे वर्षाला 3,000 रुपये वाचतात.

लाइट बिलाबाबत भांडणे होतात, म्हणून तेही सांगतो. 50 वॉटचा एलईडी टीव्ही आणि 10 वॉटचा बॉक्स रोज 5 तास चालला तर महिन्याला 9 युनिट होतात. प्रत्येक खोलीला सबमीटर असले की हा वाद उरत नाही.

आधी ठरवून घ्यावे

पहिली गोष्ट, भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. छत्री आणि वायर मालकाची, बॉक्स आणि टीव्ही भाडेकरूचा, हे त्यातच एका ओळीत लिहावे.

दुसरी, आवाज. धुळ्यात कारीगर पाळीने काम करतात. एकाच्या सुट्टीच्या वेळी शेजारचा रात्रपाळी करून झोपलेला असतो. आमच्याकडे नियम असा आहे की भिंतीपलीकडे आवाज जायला नको, दिवसाही आणि रात्रीही.

तिसरी, ज्याला टीव्ही नको त्याच्यावर तो लादू नये. आमच्या एका भाडेकरूने वायरसुद्धा खोलीत येऊ दिली नाही. आम्ही ती बाहेर गुंडाळून टोपी लावून ठेवली. पुढच्या माणसाला कामी येईल.

चौथी, धाब्यावर कोण चढणार हे ठरवावे. छत्रीला हात फक्त आमच्या माणसाने लावायचा. एकाने आपले चित्र सुधारण्यासाठी छत्री बोटभर हलवली की बाकी सातांचे चित्र जाते.

ज्या बांधवांनी आजही एका बॉक्सवरून सर्व खोल्यांना वायर दिली आहे, त्यांनी नोटीस येण्याची वाट पाहू नये. जुनी छत्री आणि चांगल्या वायरी कामी येतात, फक्त एलएनबी आणि बॉक्स बदलावे लागतात. आणि काम झाल्यावर एकदा स्वतः धाब्यावर जाऊन अर्थिंगची तार जमिनीपर्यंत खरोखर पोहोचली आहे का, ते डोळ्यांनी पाहून यावे. आमच्या साडूंनी "नंतर करू" म्हटले होते, ते नंतर कसे आले ते वर लिहिलेच आहे.