न घासता न्हाणीघर

देशातून येताना आपण प्रेशर कुकर आणला, गोडा मसाला आणला, काहींनी तर पुरणयंत्रही आणलं. मोरी घासण्याची विद्या मात्र इथे पोचल्या दिवशीच निरुपयोगी ठरते. तिकडची मोरी म्हणजे खाली शहाबादी फरशी, बाजूला सिमेंटचा गिलावा, कोपऱ्यात निचऱ्याचं भोक आणि वर एक खिडकी. आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा टाकून खराट्याने खसाखसा घासली, दोन बादल्या पाणी ओतलं की झालं. पाण्याने बिघडण्यासारखं तिथे काही नव्हतंच. इथलं घर लाकडाच्या सांगाड्यावर उभं असतं. टाइल्सच्या मागे चार बोटांवर लाकूड आलं. टबाच्या बाहेर जमिनीला निचऱ्याचं भोक नसतं, त्यामुळे बादली ओतायची सोय नाही. वर अनेक घरांत न्हाणीघराला खिडकीही नसते. मग दोन-तीन महिन्यांत काचेवर पांढरं धुकं चढतं, टबाच्या कडेला काळी रांगोळी उमटते, आणि एखाद्या शनिवारी घरातलं कोणीतरी गुडघ्यांवर बसून ब्रश चालवत असतं. हे ‘कोणीतरी’ बहुतेक घरांत कोण असतं, ते सांगायला नको.

हा शनिवार वाचवता येतो. त्यासाठी बाजारातली सर्वांत जहाल बाटली शोधायची गरज नाही. भिंतीवर काय साचलंय आणि का साचलंय, एवढं कळलं की पुरतं.

सुरुवात पाण्यापासून. शाळेत शास्त्राच्या पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ नावाचा धडा होता, आठवतो? ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते. गावाकडे ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आजी कुरकुरायची, तेच हे. सांता क्लारा शहराचं बरंचसं पाणी शहराच्याच खोल विहिरींतून येतं, आणि जमिनीतून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. १०१ हायवेच्या उत्तरेकडच्या भागाला मात्र योसेमिटीतलं हेच हेचीचं पाणी मिळतं. (नाव मराठी वाटलं तरी ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं आहे.) ते डोंगरातल्या बर्फाचं, म्हणून अगदी मऊ. त्यामुळे एकाच शहरात राहणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीची काच लखलखते आणि दुसरीची वर्षभर धुरकट राहते, यात पहिलीचा कामसूपणा आणि दुसरीचा आळस असेलच असं नाही. शहर दर वर्षी पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल काढतं. त्यात ‘हार्डनेस’चा आकडा बघा. लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी कठीण, १८०च्या वर फारच कठीण.

आता थोडं गणित, सवयीचा गुलाम म्हणून. आंघोळीनंतर भिंतींवर, काचेवर आणि टबात मिळून पाव लिटर पाणी राहिलं असं धरा. लिटरला २०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ते वाळल्यावर मागे ५० मिलिग्रॅम क्षार उरतात. चार माणसं, रोज एक आंघोळ, ३६५ दिवस: वर्षाला ७३ ग्रॅम. म्हणजे आपण आपल्या शॉवरला दर वर्षी जवळपास पाऊणशे ग्रॅम खडू फासतो! त्यात साबण मिसळतो. वडीचा साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम यांची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. त्यात अंगाचं तेल आणि त्वचेचा कोंडा अडकतो. बुरशीला दुसरं काय हवं? जेवण तयार, ओल तयार, अंधार तयार.

म्हणून पहिला उपाय अगदी बिनकष्टाचा: साबण बदला. बाटलीतल्या बहुतेक बॉडीवॉशमध्ये खरा साबण नसतो, कृत्रिम डिटर्जंट असतं, आणि त्याचा कॅल्शियमशी असा साका होत नाही. वडीशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही असं म्हणणारे आमच्या घरातही आहेत. त्यांनी पुढचा उपाय जास्त मन लावून करावा.

तो म्हणजे रबरी पट्टीचा वायपर, इथे ज्याला स्क्वीजी म्हणतात. आंघोळ झाली की अंग पुसायच्या आधी वरून खाली चार-सहा हात मारायचे आणि काचेवरचं, भिंतीवरचं पाणी खाली उतरवायचं. एक मिनिटसुद्धा लागत नाही. जे पाणी निचऱ्यातून गेलं त्याचे क्षार भिंतीवर राहत नाहीत, आणि कोरड्या भिंतीवर बुरशी धरत नाही. रोजचं हे एक मिनिट आंघोळ करणाऱ्याने स्वतःच द्यायचं, मग तो दहा वर्षांचा का असेना. सगळं एका माणसावर टाकलं तर हा उपाय आठवडाभरही टिकत नाही.

एवढंही नको असणाऱ्यांसाठी एका माणसाने डोकं चालवलं होतं. फ्लॉरिडातल्या जॅक्सनविलच्या रॉबर्ट ब्लॅक यांनी १९९०च्या दशकात ‘क्लीन शॉवर’ नावाचा फवारा बाजारात आणला. आंघोळीनंतर ओल्या भिंतीवर तो मारायचा आणि निघून जायचं. आत थोडं साबणासारखं द्रव्य, थोडं अल्कोहोल आणि कॅल्शियमला धरून ठेवणारं ईडीटीए. घासायचं नाही, धुवायचं नाही. पुढे इतर कंपन्यांनीही तसे फवारे काढले. ते चालतात, पण स्वच्छ भिंत स्वच्छ ठेवायला. आधीचं साचलेलं त्यांनी निघेल अशी आशा धरू नका.

साचलेलं काढायचं तर आधी रंग बघा. पांढरं आणि खरखरीत असेल तर ते क्षार. त्यावर आम्ल लागतं: व्हिनेगर, किंवा आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व कोमट पाण्यात. करडं आणि चिकट असेल तर तो साबणाचा साका. कोमट केलेलं पांढरं व्हिनेगर आणि भांडी घासायचा लिक्विड साबण निम्मानिम्मा बाटलीत हलक्या हाताने मिसळा, फवारा आणि अर्धा-पाऊण तास दुसरं काही करा. नंतर ओल्या स्पंजने पुसून धुऊन टाका. श्रम वाचवण्याचं मर्म इथे आहे, मनगटाचं काम घड्याळाकडे सोपवायचं. शॉवरच्या तोटीतली भोकं बुजली असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती रात्रभर तोटीला बांधून ठेवा. मात्र संगमरवर किंवा ट्रॅव्हर्टाइन असेल तर व्हिनेगर, लिंबू वर्ज्य. तो दगडच कॅल्शियमचा, मळाबरोबर तोही विरघळतो.

व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र करून फसफसवण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. फेस बघायला छान वाटतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. दोन्ही वेगवेगळे उपयोगी आहेत. एकत्र म्हणजे शाळेतलं गॅदरिंग!

गुलाबी, बुळबुळीत थर असेल तर ती बुरशी नव्हे, बहुतेक वेळा ‘सेराशिया मार्सेसन्स’ हा जंतू. हा निरुपद्रवी आहे अशा समजुतीने अमेरिकन नौदलाने सप्टेंबर १९५० मध्ये तो चक्क सॅन फ्रान्सिस्कोवर फवारला होता, जंतुयुद्धाची रंगीत तालीम म्हणून. ही हकीगत वृत्तपत्रांत आली ती १९७६ मध्ये. आपल्या टबातला थर साबणाने पुसून, ब्लीचच्या पाण्याने धुतला की जातो. कॉन्टॅक्ट लेन्सची डबी मात्र शॉवरजवळ ठेवू नका.

आणि काळे ठिपके ही खरी बुरशी. एक गॅलन पाण्यात जास्तीत जास्त एक कप ब्लीच घ्या, त्यात कागदी टॉवेलच्या वळ्या भिजवा आणि टबाच्या कडेच्या सिलिकॉनवर तासभर चिकटवून ठेवा. हातमोजे घाला, पंखा चालू ठेवा. इथेही घासायचं नाही. एवढ्यावरही डाग राहिला तर बुरशी सिलिकॉनच्या आत शिरली आहे. मग ब्रशने हात दुखवण्यात अर्थ नाही, सिलिकॉन कापून नवं भरा. ते भरताना टबात पाणी भरून ठेवा, म्हणजे टब वजनाने खाली बसतो आणि फट खरी तेवढी उघडते. सिलिकॉन सुकलं की मगच पाणी सोडा.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, एकामागून एक त्याच जागी लगेच वापरूही नका. क्लोरीन वायू सुटतो, १९१५च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या लढाईत खंदकांवर सोडला होता तोच. ब्लीच आणि अमोनिया यांचंही तसंच, आणि काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. आमच्या ओळखीतल्या एका घरी देशातून आलेल्या आईंनी, मुलगा-सून कामावर गेलेले असताना, ‘जरा मदत’ म्हणून सिंकखालच्या दोन बाटल्या टबात ओतल्या. तिकडे त्या आयुष्यभर मोरीला ॲसिड वापरत आलेल्या, शिवाय बाटल्यांवरचं सगळं इंग्रजी बारीक अक्षरात. नशीब की खोकला येताच त्या बाहेर आल्या आणि शेजारणीने खिडक्या उघडल्या. आईवडील यायचे असतील तर बाटल्यांवर मार्करने ठळक मराठीत लिहून ठेवा: ‘हे एकटंच वापरायचं.’ सूचना पानभर देण्यापेक्षा हे तीन शब्द बरे.

पंख्याबद्दल थोडक्यात. न्हाणीघराच्या पंख्याने मिनिटाला निदान ५० घनफूट हवा बाहेर टाकायला हवी, आणि आंघोळीनंतरही तो वीसेक मिनिटं चालू हवा. टॉयलेट पेपरचा एक चौकोन जाळीला लावून बघा. चिकटून राहिला तर पंखा ओढतोय, पडला तर नुसता आवाज करतोय. इथला उन्हाळा कोरडा असतो, खिडकी उघडली तरी भागतं. खरी परीक्षा नोव्हेंबर ते मार्चच्या पावसात, जेव्हा थंडीमुळे सगळं बंद असतं.

भाड्याने राहणाऱ्यांनी कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. कॅलिफोर्नियात २०१६ पासून घरात दिसणारी बुरशी ही राहण्यास अयोग्य अवस्थेत मोजली जाते. पण शॉवरसारख्या, मुळातच ओल्या होणाऱ्या जागेवरची किरकोळ बुरशी त्यातून वगळली आहे. थोडक्यात, टबाच्या कडेचे ठिपके तुमचे. मात्र टाइलवर बोटाच्या पेराने ठोकून बघा. एखादी पोकळ वाजली, भिंत मऊ लागली किंवा पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर डाग दिसला, तर पाणी आत मुरतंय. ते साफसफाईचं काम नव्हे, दुरुस्तीचं. ब्लीच मारून झाकू नका. फोटो काढा आणि घरमालकाला लेखी कळवा. घर सोडताना २१ दिवसांत डिपॉझिटचा हिशेब द्यावा लागतो, आणि घर जसं मिळालं तितकं स्वच्छ करण्याचा वाजवी खर्च मालक त्यातून कापू शकतो. राहायला आलात त्याच दिवशी शॉवरचे फोटो काढून ठेवलेले बरे.

राहता राहिली दिवाळी. अभ्यंगस्नान टबात करायचं म्हणजे तेल, उटणं आणि मोती साबण एकाच सकाळी. तेलाने टब काचेसारखा गुळगुळीत होतो, तेव्हा आजी-आजोबांसाठी आत रबरी चटई आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल ठेवाच. उटणं आधी वाटीत भिजवा, कोरडं सांडलं की ते निचऱ्यात बसतं. भोकावर केस अडवणारी जाळी असू द्या. शेवटच्या माणसाची आंघोळ झाली की पाणी सोडण्याआधी टबाचं तेल कागदी टॉवेलने पुसून कचऱ्यात टाका, मग भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि कढत पाणी. फराळाला बसण्याआधी एवढं उरकतं.