क्लाऊडवर जायचंय? आधी मालकाने दोन आकडे ठरवायचे



दिंडोशीत हायवेच्या जवळ एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात गेलो होतो. मालक पॅकिंगचे खोके बनवतात. बारा माणसं, बिलिंगचा एक कॉम्प्युटर खाली, आणि 'सर्व्हर' म्हणून एक जुना पीसी पोटमाळ्यावर, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांना टेकून ठेवलेला. बॅकअपचं विचारलं तर ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह निघाला. शेवटची कॉपी 19 दिवसांपूर्वीची!

मी म्हटलं, "आत्ता हा पीसी बसला तर?"

ते हसले, मग गप्प झाले. कोणाकडे किती उधारी आहे, हे त्या एका डब्याबाहेर कुठेच लिहिलेलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, क्लाऊडवर टाकतो सगळं. आमचा कॉम्प्युटरवाला पंधरा दिवसांत करून देतो म्हणतोय."

मित्रांनो, कॉम्प्युटरवाला ते करून देईल, पण काय करायचं हे त्याने नाही, मालकाने ठरवायचं असतं. कसं ठरवायचं, ते आज बघू.

क्लाऊड आभाळात नसतो

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला, भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. ॲमेझॉनने आपली मुंबईतली क्लाऊड सेवा 2016 मध्ये सुरू केली, गुगलने 2017 मध्ये. जानेवारी 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारनेही आपल्या खात्यांसाठी पब्लिक क्लाऊडचं धोरण जाहीर केलं. म्हणजे ही आता फक्त मोठ्या आयटी कंपन्यांची गोष्ट राहिलेली नाही.

फायदा काय? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी दुकानांच्या वह्या आणि कॉम्प्युटर एकत्रच भिजले. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली आणि लोकलसुद्धा थांबल्या. मोठ्या डेटा सेंटरमध्ये जनरेटर असतो, कूलिंग असतं, पहारा असतो. आपल्या पोटमाळ्यावर यातलं काय आहे?

पण एक गैरसमज काढून टाका. 'क्लाऊडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला' असं होत नाही. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची दुसरी कॉपी दुसऱ्या ठिकाणी होती, ते सावरले. ज्यांची नव्हती, त्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. जागा भाड्याने मिळते, पण दुसरी कॉपी ठेवायची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

ते दोन आकडे

पहिला: हे काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल?

दुसरा: किती वेळाची नोंद गेली, तर ती पुन्हा भरता येईल?

एक कागद घ्या. धंद्यात कॉम्प्युटरवर जे जे आहे ते एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे हे दोन आकडे टाका. आमच्या खोकेवाल्यांचा कागद असा झाला:

- बिलिंग आणि उधारी: बंद चालेल 2 तास, कारण टेम्पो दारात उभा असतो. नोंद गेली तर एका दिवसाची, ती चलनं बघून पुन्हा भरता येते.
- खोक्यांची डिझाइनं: बंद चालेल 2 दिवस. नोंद एकही जाता कामा नये, कारण गिऱ्हाईक तेच माप पुन्हा मागतं.
- हजेरी आणि पगार: बंद चालेल आठवडाभर.
- सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग: गेलं तरी धंदा थांबत नाही.

या कागदावरून खर्च ठरतो. सगळंच 'एक मिनिट बंद नको' असं मागितलंत, तर सगळ्याचंच बिल महाग येणार. सीसीटीव्ही क्लाऊडवर न्यायची त्यांना गरजच नव्हती.

खर्चाची तुलना बरोबरीने करा

बहुतेक जण क्लाऊडचं महिन्याचं भाडं बघतात आणि म्हणतात, "माझा पीसी तर फुकट चालतो!" फुकट कसा? समजा तो 300 वॉट खातो आणि रात्रंदिवस चालू आहे. महिन्याला 216 युनिट झाले. युनिट 10 रुपये धरला तरी 2,160 रुपये. त्यात यूपीएसची बॅटरी, दुरुस्ती आणि पाच वर्षांनी नवं मशीन मिळवा. दुसऱ्या बाजूला क्लाऊडचं भाडं, त्यावर 18 टक्के जीएसटी (नोंदणी असेल तर नियमाप्रमाणे क्रेडिट मिळतं) आणि दुसऱ्या कंपनीची जादा इंटरनेट लाइन धरा. नेट गेलं तर क्लाऊड असूनही बिल निघत नाही, म्हणून ती दुसरी लाइन हवीच. दोन्ही बाजूंची पाच वर्षांची बेरीज करा, मगच बोला.

कधी आणि कोणत्या क्रमाने

मार्चअखेरीला हलवू नका. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर 11 आणि 20 तारखेच्या तोंडावरही नको. दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना तर नकोच.

आधी बॅकअप क्लाऊडवर न्या. मग डिझाइनच्या फायली. बिलिंग शेवटी. बिलिंग हलवताना निदान एक महिना जुनं आणि नवं दोन्ही चालवा आणि रोज संध्याकाळी उधारीची बेरीज जुळवा. जुना पीसी लगेच भंगारात देऊ नका.

आणि महिन्यातून एकदा बॅकअप खरंच उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

चावी कोणाकडे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. क्लाऊडचं खातं कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या मोबाइलवर उघडलंय? कॉम्प्युटरवाल्याच्या असेल, तर त्याच्याशी वाद झाला त्या दिवशी तुमचा धंदा त्याच्या हातात. खातं कंपनीच्या ईमेलवर, ओटीपी मालकाच्या फोनवर. त्याला काम करण्यापुरता वेगळा पासवर्ड द्या. माणूस नोकरी सोडेल, त्याच दिवशी त्याचा पासवर्ड बंद.

करार करण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: "उद्या आम्ही सोडून गेलो, तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशात परत मिळेल?" उत्तर गोलगोल आलं तर दुसरा माणूस शोधा.

कायदाही तुम्हालाच विचारणार

जीएसटीची हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा, आणि 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली, याचा माग राहायला हवा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही गिऱ्हाइकांची माहिती सांभाळायची जबाबदारी तुमचीच आहे, क्लाऊड कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही. आपल्याला यातलं काय लागू होतं, ते सीएला विचारून घ्या.

आमच्या खोकेवाल्यांनी काय केलं? त्याच संध्याकाळी बॅकअप सुरू केला, बाकी सगळं दिवाळीनंतर. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "साहेब, एवढं कोणी विचारत नाही." ते म्हणाले, "उधारी माझी आहे ना!"

आजचा गृहपाठ: तो एक कागद आणि दोन आकडे. कोटेशन त्यानंतर मागवा.