उतरंड, पावती आणि व्हॉट्सॲप ग्रुप

कात्रज डेअरी म्हणजे पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. शेतकरी, गावची दूध संस्था, शीतकरण केंद्र आणि मग डेअरी, अशी तिची साखळी. संघटनेतल्या संवादाचे जुने सिद्धान्त अशा उतरंडीपुरतेच होते आणि व्हॉट्सॲपने ते बाद केले, असे आज सर्रास म्हटले जाते.

गैरसमज: फेयॉलला फक्त वरून खाली येणारे हुकूम हवे होते.

वस्तुस्थिती: हेन्री फेयॉल स्वतः फ्रान्समधल्या खाण कंपनीचा प्रमुख होता. 1916 मध्ये त्याने उतरंड मांडली आणि त्याच लेखनात आडवा पूलही बांधला. समजा, टँकर उशिरा निघणार आहे. शीतकरण केंद्रातल्या माणसाने डेअरीतल्या बरोबरीच्या माणसाला थेट कळवावे. मात्र दोघांच्या वरिष्ठांची त्याला आधी संमती हवी आणि काय ठरले ते त्यांना लगेच समजायला हवे. ग्रुपवर थेट कळवणे आपोआप होते, वरिष्ठांची संमती घेणे आणि त्यांना कळवणे राहून जाते. शिवाय, बोलून मिटेल ते उगाच पत्रापत्रीत अडकवू नका, असा इशाराही त्यानेच दिला होता.

गैरसमज: समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची नोकरशाही म्हणजे लाल फीत.

वस्तुस्थिती: लेखी नियम आणि लेखी नोंद हा वेबरच्या मांडणीचा गाभा. तो किती मोलाचा, हे दूध घालायला आलेल्या बाईला विचारावे. फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घनपदार्थ) मोजून, दरपत्रक लावून मिळालेली पावती तिच्या हातात असते. दोन लिटर घालणारीला आणि दोनशे लिटर घालणाऱ्याला दरपत्रक एकच. पावती नसती, तर तिला संस्थेच्या सचिवाच्या शब्दावर विसंबावे लागले असते. नोंद दुबळ्याच्या बाजूने उभी राहते, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

‘वैज्ञानिक व्यवस्थापन’ मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलरवरची टीका मात्र रास्त आहे. 1911 च्या त्याच्या पुस्तकात कामाचा विचार व्यवस्थापनाने करायचा, कामगाराने ते सांगितल्याप्रमाणे करायचे. खालून वर येणाऱ्या बोलण्याला तिथे फारशी जागा नाही.

गैरसमज: ग्रुपवर टाकले, म्हणजे कळवले.

वस्तुस्थिती: व्यवस्थापन-विचारवंत चेस्टर बर्नार्डने 1938 मध्येच सांगितले की हुकमाचे वजन तो घेणाऱ्याच्या हाती असते. हुकूम समजला पाहिजे, संस्थेच्या हेतूशी आणि आपल्या हिताशी जुळला पाहिजे, आणि पाळता आला पाहिजे. निळ्या खुणांनी यातले काहीच सिद्ध होत नाही. म्हणून पुढची सूचना टाकताना ती कोणाची, कोणासाठी, कधीपासून लागू आणि अडचण आली तर कोणाला विचारायचे, हे तिच्यातच लिहा.