रान परत येताना (भाग ७) : खड्डे थांबवा, गवत येऊ द्या

वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या किन्हीराजाच्या उत्तरेला काटेपूर्णा अभयारण्य, पूर्वेला कारंजा-सोहळचं काळवीट अभयारण्य. पहिलं सुमारे ७३ चौरस किलोमीटर, दुसरं जेमतेम १८. एवढ्यात जनावर मावत नाही. तिपेश्वर अभयारण्याचा वाघ २०१९ मध्ये चालत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला तो वावरं, नाले आणि डांबरी रस्ते ओलांडतच. म्हणून या आठवड्यात अभयारण्याच्या बाहेर पडू.

युरोपात उजाड जमीन पुन्हा रानाच्या हवाली करताना बीव्हर, रानघोडे आणून सोडतात. आपल्याकडे आणायचं काय? रोही आणि रानडुकरं आहेतच, सोयाबीनवाल्याला विचारा, नको तितकी आहेत. हरवलंय ते गवत. धुरे नांगरात गेले, उरलेल्यांवर तणनाशक पडलं. राहिली गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान. तिला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि पावसाळा आला की झाडांसाठी खड्डे खणायला धावतो. २०१९ च्या ३३ कोटी झाडांच्या मोहिमेत गवताळ माळ हा रिकामाच धरला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो रिकामा नसतो. दिवाळीनंतर अशा माळावरून चाला, पायजम्याला कुसळं टोचतील. एक काढून तळहातावर ठेवा आणि पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडतो, कुसळ गर्रकन फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. अशा गिरक्या घेत कुसळाच्या टोकाचं बी स्वतःच जमिनीत घुसतं. या गवताला रोपवाटिका लागत नाही, टँकर लागत नाही. फक्त पावसाळाभर तिथे गुरं नकोत आणि बी झडायच्या आत विळा नको.

अशाच गवतात तणमोर हा पक्षी येतो. पावसाळ्यात नर गवताच्या वर उंच उड्या मारून मादीला बोलावतो. मादी जमिनीवरच अंडी घालते. जगभरात आता मोजकेच उरलेत. मोकळ्या माळावर ग्लिरिसिडियाची रांग उभी केली की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि तणमोराची जागा जाते.

हे सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल, तर फासेपारध्यांना. अकोला-वाशीम पट्ट्यात वडाळ्याच्या फासेपारध्यांनी ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीने गवताळ रान राखायला घेतलं. ज्यांच्या फाशात तणमोर सापडायचा, तेच आज त्याची राखण करतात. गुन्हेगार म्हणून हिणवलेल्या या समाजाचं गवताचं ज्ञान कुठल्याही वृक्षारोपणाच्या आराखड्यापेक्षा सरस आहे.

तुमच्या ग्रामसभेत ई-क्लासवर खड्डे खणायचा ठराव येईल. हात वर करण्याआधी एक पावसाळा तो माळ राखून बघा, आणि पवन्या, मारवेल, कुसळी यांतलं काय काय उगवलं ते आम्हाला कळवा.