इंग्रजी शब्दसंग्रह : अर्थ, उच्चार व उपयोग

खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या कानावर इंग्रजी वाक्य पडते, ते बहुधा त्याच्या शिक्षकाच्या तोंडून. घरी किंवा बाजारात ती भाषा बोलणारे सहसा कोणी नसते. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजीचे शिक्षण पहिलीपासून सुरू झाले आणि ही जबाबदारी पहिलीच्या शिक्षकावरही आली. वर्गात उच्चारलेला शब्द मुले जसाच्या तसा उचलतात. तो चुकीचा असल्यास ती चूक त्यांच्याबरोबर माध्यमिक शाळेत जाते आणि तेथे कोणी हसले, की मूल इंग्रजी बोलणेच टाकून देते. म्हणून शिक्षकाचा शब्दसंग्रह ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

शब्दसंग्रह वाढविणे म्हणजे प्रतिशब्दांच्या याद्या पाठ करणे, अशी समजूत बरीच रूढ आहे. वस्तुतः शब्दाचा अर्थ समजला, उच्चार साधला आणि तो वाक्यात योग्य जागी बसविता आला, म्हणजेच तो शब्द आला असे म्हणता येईल. यांपैकी एक अंग जरी उणे राहिले, तरी शब्द वहीतच राहतो. जिभेवर येत नाही.

(१) अर्थ : प्रथम ओळखीच्या शब्दांपासूनच सावध राहावे. मराठीत रुळलेल्या अनेक इंग्रजी शब्दांचे अर्थ मूळ भाषेहून निराळे झाले आहेत. आपण चहा-फराळाच्या दुकानास 'हॉटेल' म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची जागा. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनास आपण 'गॅदरिंग' म्हणतो. इंग्रजीत तो शब्द माणसांच्या कोणत्याही जमावास लागतो. मुलांची 'कंपासपेटी' ही पेटी असली, तरी इंग्रजी 'कंपस' म्हणजे होकायंत्र किंवा वर्तुळ काढण्याचे साधन होय.

नवे व कठीण शब्द शिकताना त्यांची कुळे पाहावीत. आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द एकाच 'हृ' धातूला निरनिराळे उपसर्ग लागून झाले, हे शिक्षकास ठाऊक असते. इंग्रजीतही हीच रीत आहे. लॅटिनमधील 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. त्यास 'आत' या अर्थाचा उपसर्ग लागून 'इम्पोर्ट', 'बाहेर' या अर्थाचा लागून 'एक्स्पोर्ट' आणि 'पलीकडे' या अर्थाचा लागून 'ट्रान्स्पोर्ट' हे शब्द झाले. उचलून नेता येईल ते 'पोर्टेबल' आणि ओझे वाहणारा तो 'पोर्टर'. अशा रीतीने एका शब्दाच्या आधारे पाच शब्द लक्षात राहतात. मात्र तर्काने अर्थ लावल्यावर कोश पाहावाच. बंदर या अर्थाचा 'पोर्ट' हा शब्द लॅटिनमधील 'पोर्तुस' या निराळ्या शब्दापासून आला आहे.

(२) उच्चार : इंग्रजी अक्षरे व उच्चार यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. इंग्लंडमध्ये १४७६ साली मुद्रण सुरू झाले आणि लेखन हळूहळू स्थिर होत गेले. बोलणे मात्र बदलत राहिले. 'नाइफ' या शब्दाच्या आरंभीचा 'क' पूर्वी उच्चारला जात असे. आज तो केवळ कागदावर उरला आहे. फळ्यावर वार लिहिताना 'वेन्झडे' हा शब्द अक्षरांमागे जाऊन 'वेडनेसडे' असा वाचला जातो, तोही याच कारणामुळे. अक्षर एक व उच्चार दोन, हा प्रकार मराठी मुलास अगदीच अपरिचित नाही. 'चार' व 'चारा' यांतील 'च' निराळे आहेत आणि मूल ते ऐकूनच शिकते. इंग्रजी शब्दही आधी कानांनी ऐकावा व मग डोळ्यांनी वाचावा.

मराठीत नसलेली व म्हणून हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे आघात. हजेरीच्या वेळी मुले 'प्रेझेंट' म्हणतात, तेव्हा जोर पहिल्या अवयवावर हवा. तोच शब्द 'सादर करणे' या अर्थी क्रियापद म्हणून आला, की जोर दुसऱ्या अवयवावर जातो व उच्चार 'प्रिझेंट' असा होतो. 'फोटोग्राफ' या शब्दात जोर आरंभी असतो, तर 'फोटोग्राफर' या शब्दात तो दुसऱ्या अवयवावर सरकतो.

(३) उपयोग : 'काढणे' हे एकच मराठी क्रियापद घ्यावे. चित्र काढणे यास 'ड्रॉ', फोटो काढणे किंवा छायाचित्र घेणे यास 'टेक', अंगातील सदरा काढणे यास 'टेक ऑफ', आणि गाईचे दूध काढणे यास 'मिल्क' हेच क्रियापद लागते. म्हणून सुटा शब्द न शिकता जोडी शिकावी. चूक 'मेक' करावयाची असते, 'डू' नव्हे. पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नव्हे. मराठी विभक्तीही नकळत इंग्रजीत शिरते. 'तिच्याशी लग्न केले' यातील 'शी'मुळे 'मॅरी' या क्रियापदापुढे 'विथ' लिहिले जाते, आणि 'विषयी' या शब्दामुळे 'डिस्कस' या क्रियापदापुढे 'अबाउट' येतो. या दोन्ही ठिकाणी शब्दयोगी अव्ययाची गरज नाही.

(४) अभ्यासाची पद्धत : पूर्वी अविभक्त बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नित्योपयोगी अशा सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. अशा नित्याच्या शब्दांवर पकड बसल्यावरच दुर्मिळ शब्दांकडे वळावे. पाया कच्चा ठेवून माडी चढवू नये.

एक वही करून तिच्यात चार रकाने आखावेत : शब्द, देवनागरीत उच्चार, अर्थ आणि स्वतः रचलेले वाक्य. उच्चार लिहिताना आघाताच्या अवयवाखाली रेघ द्यावी. देवनागरी लेखन हा केवळ आधार समजावा. खरा उच्चार बोलत्या शब्दकोशातून ऐकावा. तो आता भ्रमणध्वनीवरही मिळतो. आठवड्यास पाच शब्द पुरेत. त्यांची उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने करावी. चाळीस आठवड्यांत २०० शब्द होतात आणि ते पक्के असतात.

एखादा उच्चार वर्गात अडला, तर 'पाहून उद्या सांगतो' असे मुलांस मोकळेपणाने सांगावे व दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगावे. त्यामुळे शिक्षकाचा मान कमी होत नाही. न येणारी गोष्ट कशी मिळवावी, हे मुले त्यातून डोळ्यांसमोर पाहतात. आणि चुकण्याचे भय ज्या वर्गात नाही, तेथेच मूल नवा शब्द तोंडावाटे काढावयास धजते.